एका कानाची शिकवणी

पहिल्या रात्री मी विचारलं,
हे गाणं आहे की घरमालकाशी भांडण?
ओधियाम्बो म्हणाला, दोन्ही.
गेट नंबर तीनचा रखवालदार, किसुमूचा,
उंची अशी की केबिनच्या दारात
रोज कुणाच्या तरी पाया पडल्यासारखा वाकतो.
इअरफोनचं एक बोंड त्यानं माझ्या कानात खोचलं,
दुसरं त्याच्याच. वायर आखूड.
सप्टेंबरच्या घामट रात्री
दोन बाप्ये डोक्याला डोकं लावून
सोहार बंदराच्या कुंपणाशी.

मी चाल शोधत होतो.
चाल शोधू नकोस, रफीक, तो म्हणाला, ठोका धर.
तुटकी हिंदी, त्यात अरबी,
उरलेलं हातांनी.
नव्या माणसाला तुम्ही आधी
रिकामे डबे मोजायला देता ना? तसंच.

पहिलं एका पोरीचं होतं, नैरोबीतली.
वीस लिटर पाण्याचा भाव सांगत सुटली होती,
सोमवारचा, मंगळवारचा,
आणि पाईप फुटला त्या दिवसाचा.
दुसऱ्यात एक जण
आपल्या जिन्यातली नावं घेत होता नुसती.
कोण राहिलं, कोण सामान टाकून गेलं.
एवढंच?
एवढंच. पुन्हा ऐक.
मधे क्रेनचा भोंगा वाजला, तोही गाण्यातलाच वाटला.
मग मलबारी पोरगा कडक चहा घेऊन आला
आणि आमच्याकडे बघून न बोलता गेला.

मी टॅली क्लार्क. एकोणीस वर्षं
बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत आलोय.
मला म्हणाला, मोज. चार.
दोनवर टाळी, चारवर टाळी.
तर्जनी, मधलं, अनामिका,
आणि करंगळी.
करंगळीची दोन पेरं नाहीत.
चौथा ठोका दर वेळी थोटकावर पडायचा
आणि आत कुठेतरी झिणझिणायचं.
त्यानं पाहिलं. विचारलं नाही.

आठवड्यानं म्हणाला, आता तुझं.
प्रत्येक नवशिक्याला चार ओळी द्याव्या लागतात.
माझ्याकडे कुठल्या ओळी, म्हटलं,
मी माल उतरवून घेणारा माणूस.
नाव सांग. कुठे उभा आहेस ते सांग.
मग एक गोष्ट सांग जी घरी सांगितली नाहीस.

पहाटे अडीच. दुरुस्तीला काढलेला चाळीस फुटी डबा,
आत खजुराचा जुना वास.
त्यानं तळव्यानं पत्रा वाजवायला घेतला,
आणि आवाज असा घुमला
की माझी मोजणी चुकली.
हिंदी आठवेना. शाळेतलं मराठीही वेळेवर येईना.
आलं ते थेट खाडीपलीकडचं:

मी पल्लू खोबरेकर, गाव तांबळडेग,
सोहारच्या धक्क्यार मोजतंय डब्यांची रेघ,
घराक सांगलंय, बोट दारात गावला,
दार खंयचा? डब्यान चावला.

थांबलो. पत्रा थोडा वेळ गुणगुणत राहिला.
सात वर्षं झाली त्या गोष्टीला.
फोनवर हात नेहमी कॅमेऱ्याच्या खाली,
बायको म्हणते, दारं जपून लावा हो तिकडची.
सुपरवायझरनं लिहून घेतलं होतं,
कामगाराचा निष्काळजीपणा,
आणि मी सही केली होती, उजव्या हाताने, धडक्या.

ओधियाम्बोला अक्षर कळलं नव्हतं.
डोळे मिटून उभा, पण मान हलत होती.
मला वाटलं, आता खांद्यावर हात ठेवील,
भाऊ वगैरे म्हणेल.
त्यानं एक डोळा उघडला.
चौथ्या ओळीत, म्हणाला,
शेवटचा शब्द उशिरा उतरला.

आणि पत्र्यावर पुन्हा तळवा आपटला.
परत.